पुलाला राणीचं नाव : व्हिक्टोरिया ते अहिल्यादेवी, नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिंहस्थ जवळ आला की गोदावरीवर नव्या पुलांची कामं निघतात, आणि स्लॅब पडायच्या आधीच नावांची पत्रकं फिरू लागतात. अमक्या महाराजांचं नाव द्या, तमक्या पुलाचं नामांतर करा. २०२७ च्या सिंहस्थाआधीही तेच चाललंय. निवेदन घेऊन फिरणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघेही तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो. उदाहरणासाठी लांब जायला नको. आपल्या गावात एका राणीचं नाव उतरवून दुसरीचं चढवलेला पूल आहेच, आणि त्यावरून आपण रोज जातो.

होळकर पुलाचं आधीचं नाव काय होतं?

व्हिक्टोरिया पूल. इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो उभा राहिला. एका टोकाला रविवार कारंजा, दुसऱ्या टोकाला मालेगाव स्टँड. म्हणजे जुनं नाशिक आणि पंचवटी यांना जोडणारा पूल. त्याआधी पावसाळ्यात गंगा चढली की दोन्ही काठांचा संबंध तुटायचा. (नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतात, बाहेरगावच्या वाचकांनी गोंधळू नये.)

राणी व्हिक्टोरिया १८३७ साली गादीवर आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी तिला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं गेलं आणि १९०१ साली ती गेली. या देशात तिने एकदाही पाऊल ठेवलं नाही. तरी तिच्या शेवटच्या वीस-पंचवीस वर्षांत स्टेशन, बाग, कॉलेज, पूल, जे उभं राहील त्याला तिचं नाव देण्याची चाल पडली होती. मुंबईचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८७ चं, तिच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाचं. नाशिकचा पूल त्याच लाटेतला. स्वातंत्र्यानंतर त्याला अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं.

होळकर तर इंदूरचे. त्यांचा नाशिकशी संबंध काय?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि याचं उत्तर द्यायला मला सगळ्यात जास्त आवडतं.

पूल ओलांडून मालेगाव स्टँडवर या. तिथून मालेगावकडे निघालात की वाटेत चांदवड लागतं. चांदवडला होळकरांचा रंगमहाल आहे. लाकडी कोरीव खांब, भिंतींवरची चित्रं, सगळं. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं हे होळकरांचं मोठं ठाणं. माळव्यातून दक्षिणेत उतरायचं तर हीच वाट. म्हणजे ज्या रस्त्याच्या तोंडाशी आपला पूल आहे, तो रस्ता होळकरांच्या पायाखालचा होता.

आता पुलाच्या अलीकडच्या टोकाला, रविवार कारंज्याच्या बाजूला परत या. तिथे सुंदरनारायणाचं मंदिर आहे, १७५६ सालचं. ते बांधलं गंगाधर यशवंत चंद्रचूड यांनी. हे म्हणजे गंगोबातात्या, मल्हारराव होळकरांचे दिवाण. इथून गोष्ट रंगते. अहिल्यादेवींचे पती खंडेराव १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात मारले गेले. सासरे मल्हारराव १७६६ साली गेले, आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव. गादी रिकामी. गंगोबातात्यांचं म्हणणं असं की एखादं मूल दत्तक घ्यावं, त्याला गादीवर बसवावं आणि बाईंनी नेमणूक, म्हणजे ठरावीक तनखा, घेऊन देवधर्म करावा. कारभार कुणाच्या हाती राहिला असता हे सांगायची गरज नाही. तात्यांनी पाठबळासाठी राघोबादादांना लिहिलं. राघोबादादा म्हणजे नाशिकजवळच्या आनंदवल्लीला ज्यांचा वाडा होता तेच. आनंदवल्ली हे नावही त्यांच्या पत्नी आनंदीबाईंवरून पडलेलं.

राघोबादादा फौज घेऊन माळव्यात गेले. बाईंनी दत्तकाला साफ नकार दिला आणि लढायची तयारी केली. ‘बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवायला जागा नाही’ अशा अर्थाचा निरोप त्यांनी धाडला असं सांगतात. पुण्याहून माधवराव पेशव्यांनी बाईंच्या बाजूने कौल दिला. दादांनी मग आपण सांत्वनाला आलो होतो असं म्हणून वेळ मारून नेली. तिथून पुढे १७९५ पर्यंत, अठ्ठावीस वर्षं, बाईंनी महेश्वरहून राज्य केलं.

आता पुन्हा पुलाकडे पाहा. ज्या दिवाणाने त्यांना बाजूला सारायचा घाट घातला त्याने बांधलेलं मंदिर एका टोकाशी, आणि मधल्या पुलाला नाव बाईंचं. नाव देणाऱ्यांच्या हे ध्यानात होतं का, कोण जाणे. नसेल तर योगायोग झकास जमलाय.

पुलाचं नाव बदलायचा अधिकार कुणाला असतो?

पूल ज्याच्या मालकीचा, त्याला. निवेदनं नेमकी इथेच चुकतात. महापालिकेने बांधलेला किंवा महापालिकेकडे वर्ग झालेला पूल असेल तर विषय महासभेपुढे, म्हणजे सगळ्या नगरसेवकांच्या सभेपुढे, जातो. सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर राज्य सरकार. राष्ट्रीय महामार्गावरचा असेल, जसा आपल्याकडचा मुंबई-आग्रा महामार्गावरचा उड्डाणपूल, तर महापालिकेने कितीही ठराव केले तरी ती फक्त शिफारस. निर्णय वरून यावा लागतो. रेल्वेवरच्या पुलात रेल्वेचा भाग असतोच.

म्हणून नाव काय द्यायचं यावर भांडण्याआधी पूल कुणाचा ते विचारून घ्या. बांधकाम विभागात तासाभराचं काम आहे, पण आंदोलनाची वर्षं वाचतात.

महापालिकेचा पूल असेल तर प्रस्ताव कसा पुढे सरकतो?

साधारण रीत अशी. नागरिकांचं किंवा संस्थेचं निवेदन नगरसेवकाकडे जातं. तो ते पत्राच्या रूपात नगरसचिवांकडे देतो. प्रशासनाचा अभिप्राय येतो: मालकी कुणाची, आधी काही नाव दिलेलं आहे का, तेच नाव शहरात आणखी कुठे आहे का. मग विषय महासभेच्या विषयपत्रिकेवर येतो, सूचक-अनुमोदक उभे राहतात, चर्चा होते किंवा होत नाही, आणि ठराव होतो. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसले असतील तर सभेचे अधिकार त्यांच्याकडे असतात.

‘जादा विषय’ म्हणून ऐनवेळी घुसवलेल्या नामकरणापासून सावध राहा. सभा संपताना, निम्मं सभागृह उठलेलं असताना विषय पुकारला जातो आणि ‘मंजूर, मंजूर’ होऊन जातं. असं नाव कायद्याने टिकतंही, पण कुणी हरकत घेतली की वर्षभर धुरळा उडतो. विषयपत्रिकेवर रीतसर आलेलं नाव सावकाश येतं आणि निवांत राहतं.

निवेदन लिहिताना एक करा. व्यक्तीची थोरवी चार पानं लिहू नका, ती सगळ्यांना मान्य असते. त्या व्यक्तीचा त्या जागेशी संबंध काय, हे एका परिच्छेदात लिहा. सभागृहात वाचला जातो तो तेवढाच परिच्छेद.

झालेला ठराव सरकार रद्द करू शकतं का?

करू शकतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४५१ खाली राज्य सरकार महासभेचा ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करू शकतं. नामकरणासाठी हे हत्यार फारसं उपसलं जात नाही, पण आहे.

दिल्लीची परवानगी लागते का?

महापालिकेच्या पुलासाठी नाही. गावाचं, शहराचं किंवा रेल्वे स्टेशनचं नाव बदलायचं असेल तर केंद्रीय गृह मंत्रालयाची संमती लागते, आणि त्यासाठी १९५३ सालची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यात एक वाक्य लक्षात ठेवण्यासारखं आहे: ज्या नावांना इतिहास आहे ती शक्यतो बदलू नयेत. अहमदनगरचं अहिल्यानगर झालं ते या वाटेने, २०२४ साली. पुलाला एवढी पायपीट नाही.

नाव पूर्ण पदव्यांसह द्यावं की आटोपशीर?

इथे माझं मत ठाम आहे, आणि ते मी प्रत्येक बैठकीत सांगून लोकांना वैताग आणतो.

रविवार कारंज्यावर ‘निमाणी, निमाणी’ (पंचवटीतलं बसस्थानक) ओरडणाऱ्या शेअर रिक्षात बसा आणि कुणी पुलापाशी उतरायला काय म्हणतं ते ऐका. ‘होळकर पुलापाशी घ्या.’ बस्स. ‘पुण्यश्लोक’ पाटीवर राहिलं. ‘अहिल्यादेवी’ही पाटीवरच राहिलं. रिक्षात चढलं ते आडनाव. आणि आडनाव तर सगळ्या घराण्याचं! मल्हाररावही होळकर, तुकोजीही होळकर, यशवंतरावही होळकर. शाळेतल्या पोरांना मी विचारलंय, हा पूल कोणत्या होळकरांचा? निम्मी पोरं मल्हाररावांचं नाव घेतात. ज्या बाईंसाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच बोलण्यातून गळाल्या. ‘अहिल्या पूल’ असं दोन शब्दांचं नाव सुरुवातीपासून वापरलं असतं, बसथांब्यावर, नकाशावर, कागदावर, तर हे टळलं असतं.

पदवी गाळणं म्हणजे अपमान, असं म्हणणारे भेटतात. त्यांची भावना मला समजते. त्यावर उपाय सोपा आहे: ठरावात आणि कोनशिलेवर पूर्ण नाव सर्व बिरुदांसह, आणि त्याच ठरावात एक ओळ, की ‘दैनंदिन वापरासाठी अमुक नाव’. ही ओळ सभागृहाने लिहिली नाही तर रिक्षावाला लिहितो, आणि तो आपल्याला विचारत बसत नाही.

मुंबईने हे दोन्ही प्रकारे करून पाहिलंय. व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटचं १९९७ साली वीरमाता जिजाबाई टेक्नॉलॉजिकल इन्स्टिट्यूट झालं. व्हीजेटीआय जसंच्या तसं राहिलं आणि नवं नाव बिनबोभाट बसलं. ज्याने सुचवलं त्याच्या डोक्याला सलाम. उलट व्हिक्टोरिया गार्डनचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान होऊन जमाना झाला, तरी लोक जातात राणीच्या बागेत. कोलकात्यात हावडा ब्रिजचं १९६५ साली रवींद्र सेतू झालं. टॅक्सीवाल्याला रवींद्र सेतू म्हणून पाहा.

लोक जुनंच नाव म्हणणार असतील तर बदलून उपयोग काय?

होळकर पुलाच्या बाबतीत तसं झालेलं नाही. व्हिक्टोरिया पूल म्हणणारी पिढी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. नवं नाव रुजलं, आणि माझ्या मते ते जयंतीच्या कार्यक्रमांनी रुजलेलं नाही. ते रुजवलं पुराने.

नाशिकमध्ये पावसाळ्यात दोन मापं चालतात. एक दुतोंड्या मारुतीचं, म्हणजे गोदाघाटावरच्या उंच मूर्तीचं: पाणी पायाला लागलं, कमरेला लागलं, छातीला आलं, मारुती बुडाला. दुसरं सरकारी: गंगापूर धरणातून विसर्ग इतके क्युसेक, होळकर पुलाखालून इतके क्युसेक. पावसाचा जोर असला की दर काही तासांनी हा आकडा येतो. सराफ बाजारातला दुकानदार तो पाहून माल वरच्या फळीवर हलवायचा की नाही ते ठरवतो. घाटावरचा टपरीवाला तो पाहून टपरी उचलतो. २०१६ च्या आणि २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात नाशिकमधल्या प्रत्येक मोबाइलवर होळकर पुलाचं नाव दिवसभर फिरत होतं. धरणाचे दरवाजे उघडले की गंगापूर आणि होळकर पूल ही दोन नावं जोडीनेच घेतली जातात. ज्या नावावर माणसाचा माल आणि जीव अवलंबून असतो, ते नाव तो विसरत नाही.

सांगलीत याचीच दुसरी बाजू दिसते. कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ चा, व्हाइसरॉय आयर्विनच्या नावाचा. कृष्णेचं पाणी किती फुटांवर आलं हे सांगलीकर त्या पुलापाशी मोजतात. म्हणून इंग्रज लाटसाहेबाचं नाव आजही प्रत्येक पुरात घराघरात घेतलं जातं, आणि घेणाऱ्याच्या मनात लाटसाहेब येतही नाही.

तेव्हा नव्या पुलाचं नाव रुजवायचं असेल तर ते कामाच्या जागी घाला. सिटीलिंकच्या, म्हणजे शहर बसच्या, थांब्याला, वाहतूक बदलाच्या सूचनेला, पूरपातळीच्या पत्रकाला.

नाव बदलायला उत्साह, दुरुस्तीला का नाही?

रास्त राग आहे. ज्या दिवशी नाशिकला २०१६ चा मोठा पूर आला, त्या २ ऑगस्टच्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला पूल वाहून गेला आणि त्याबरोबर एसटीच्या बसही. त्यानंतर राज्यभरच्या जुन्या पुलांच्या तपासणीची गोष्ट निघाली. २०२५ च्या जूनमध्ये मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांसकट कोसळला.

नामफलकाच्या खर्चाने दुरुस्ती अडते असं मी म्हणणार नाही; फलकाला लागतं ते किरकोळ. अडतं ते सभागृहातलं लक्ष. माझी सूचना अशी की नामकरणाच्या प्रस्तावासोबत पुलाच्या शेवटच्या तपासणीचा अहवाल जोडणं सक्तीचं करावं. ज्यांचं नाव देतोय त्यांचा मान त्यात जास्त आहे. अहिल्यादेवींनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या त्या टिकाव्यात म्हणूनच.

जुन्या नावाची कोनशिला काढून टाकावी का?

नको. नवी पाटी लावा, जुना दगड जागेवर राहू द्या. फारच खटकत असेल तर शेजारी चार ओळी लिहा, की हा पूल अमुक काळात या नावाने बांधला, पुढे त्याला हे नाव दिलं. व्हिक्टोरियाचं नाव दिसलं म्हणून अहिल्यादेवी लहान होत नाहीत. उलट दोन्ही नावं शेजारी वाचली तरच काय बदललं ते कळतं.

आधार कार्ड, दुकानाचा परवाना, पत्ता बदलावा लागतो का?

नाही. पुलावर कुणी राहत नाही. जवळच्या दुकानदारांनी पाटी बदलायची ती हौसेने.

नाशिक जिल्ह्याशी नातं असलेलं आणखी कोणतं राजघराण्यातलं नाव सुचवाल?

सयाजीराव गायकवाड. बडोद्याचे महाराज म्हणून सगळे ओळखतात, पण जन्म मालेगाव तालुक्यातल्या कौळाण्याचा, १८६३ सालचा, शेतकऱ्याच्या घरातला. नाव गोपाळ. १८७५ साली महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं आणि खेड्यातला मुलगा गादीवर बसला. पुढे सक्तीचं प्राथमिक शिक्षण, वाचनालयांचं जाळं, आंबेडकरांना परदेशी शिकायला शिष्यवृत्ती. आपल्या जिल्ह्याच्या मातीतला माणूस आहे, आणि ‘सयाजी पूल’ रिक्षात सहज म्हणता येतं. तेवढी अट पुरी होते!

राजे-राण्यांचीच नावं का? साध्या माणसांची का नाहीत?

तशीही आहेत. गाडगे महाराजांच्या नावाचा पूल आहे. त्यांनी नाशिकला धर्मशाळा बांधली, तेव्हा नातं पक्कं. महामार्गाच्या बाजूला कन्नमवार पूल आहे, मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांच्या नावाचा. ते १९६२ साली मुख्यमंत्री झाले आणि वर्षभरात पदावर असतानाच वारले. आज कन्नमवार म्हटलं की नाशिककराला पूलच आठवतो, माणूस नाही. तिथे चार ओळींचा फलक कुणी लावला तर बरं होईल. राजघराण्यातल्या नावांना अशी अडचण येत नाही, त्यांच्या जयंत्या होतात, मिरवणुका निघतात. म्हणून मला वाटतं, ज्यांच्यामागे मिरवणूक नाही अशा नावांचाही विचार आधी व्हावा. पण हे माझं मत. निवेदनं येतात ती मिरवणुकीच्याच बाजूने.

पुलाला नाव दिलं की तिथे पुतळाही बसवता येतो का?

ते प्रकरण वेगळं. पुतळ्यासाठी जागा, वाहतूक, पोलिसांचा अभिप्राय आणि जिल्हा पातळीवरची परवानगी असं सगळं वेगळं लागतं. नामकरणाच्या ठरावात ‘आणि पुतळा’ असं जोडून टाकलं की दोन्ही विषय लटकतात.

एखाद्या पुलाच्या नामकरणाचा ठराव पाहायचा असेल तर?

नगरसचिव कार्यालयात सभेची इतिवृत्तं असतात. ठरावाचं साल आणि विषय सांगता आला तर काम लवकर होतं. तोंडी विचारून मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून; तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. अर्जात ‘सर्व कागदपत्रे’ असं मोघम लिहू नका. ‘ठरावाची प्रत, त्यासोबतचा प्रशासनाचा अभिप्राय आणि आलेल्या हरकती’ असं तीन ओळींत मागा. पूल दुसऱ्या खात्याचा निघाला तर अर्ज पाच दिवसांत तिकडे वर्ग करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे, तुम्ही नव्याने अर्ज करायचं कारण नाही.